राजाचं घर दाखवणारं वल्हं

“या मेल्या लाकडाला माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त तेल लागतं,” असिमिना पुटपुटली, आणि जवसाच्या तेलात बुडवलेलं फडकं माझ्या मुठीपासून पात्यापर्यंत कराकरा फिरवू लागली. “दुखतात माझे, आणि मालिश ह्याची.”

मित्रांनो, ते मेलं लाकूड म्हणजे मी. मी एक जुनं वल्हं आहे, नऊ फूट लांबीचं. असिमिना हे वाक्य गेली चाळीस वर्षं म्हणत आली, दर वर्षी जुलै महिन्यात, संत इलियाच्या सणाच्या सकाळी. म्हणता म्हणता ती तेलाचा आणखी एक हात फिरवायची. त्यामुळे तिच्या बोलण्याचा मला कधी राग आला नाही. तोंडानं ओरडणारी आणि हातानं तेल लावणारी माणसं मला आवडतात. उलट्या प्रकारचीही पाहिली आहेत.

वल्हं होण्याआधी मी इथाका बेटावरच्या एका कब्रस्तानात सरूचं झाड होतो. एका हिवाळ्यात दक्षिणेच्या वाऱ्यानं मला आडवं पाडलं. होड्या बांधणारा म्हातारा सुतार आला, त्यानं माझ्या खोडाला कान लावला, बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, “यातून दोन निघतील.” तशी आम्ही दोन निघालो, मी उजव्या हाताचं आणि माझं जुळं डाव्या हाताचं. सुतारानं आम्हाला आठ दिवस तासलं. तो म्हणायचा, पाण्यातून बाहेर येताना जे खळखळतं ते वल्हं नव्हे, तो चमचा. आम्हाला चमचा म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून आम्ही गुपचूप तासून घेतलं.

आमचा मालक पानागी, असिमिनाचा नवरा, तेव्हा तिशीतला होता. मालवाहू जहाजावर आठ वर्षं काढून नुकताच परतला होता. पगार चांगला होता, पण त्याला रोज आपल्या घराचं धुराडं दिसायला हवं होतं. त्यानं एक हिरवी होडी घेतली, आम्हाला काठावरच्या खुंटीला चामड्याच्या कडीनं अडकवलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, “तू मला दमवू नकोस, मी तुला आपटणार नाही.” पुष्कळ वर्षं आम्ही दोघांनीही शब्द पाळला.

माझं जुळं मात्र अकराव्या वर्षी एका खडकावर चिरलं. आता ते असिमिनाच्या अंगणात द्राक्षाच्या वेलाला आधार देतं. त्याचं बरं चाललं आहे. सावलीत उभं असतं. त्याच्या जागी पुढे तीन नवी वल्ही आली आणि गेली. मी टिकलो.

आता आमचं काम काय होतं ते सांगतो. त्यासाठी जुन्या गाण्यातल्या राजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. हा राजा आमच्या बेटाचा. समुद्रापलीकडे लढाईला गेला, तिथे दहा वर्षं गेली. घरी परत यायला आणखी दहा लागली. वाटेत त्याला एकडोळ्या राक्षस भेटला, वाऱ्यांचं गाठोडं मिळालं, माणसांची डुकरं करणारी बाई भेटली, गाऊन गाऊन जीव घेणाऱ्या पोरी भेटल्या. शेवटी परक्या खलाशांनी त्याला झोपेतच आणून आमच्या एका किनाऱ्यावर ठेवलं आणि ते निघून गेले. राजा जागा झाला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला आपलंच बेट ओळखू आलं नाही. रडायला लागला बिचारा.

तो किनारा म्हणजे आमची ‘झोपेची वाळू’. तिथे पायी जायला वाट नाही. गावाच्या धक्क्यावरून होडीनं टोकाला वळसा घालून जावं लागतं. पानागी पाहुण्यांना तिथे न्यायचा, उतरवायचा आणि गोष्ट सांगायचा. “इथे त्याचं डोकं होतं, इथे पाय,” असं तो सांगायचा, आणि मला उचलून माझ्या पात्यानं वाळूत रेघ मारून दाखवायचा. राजाच्या पायाची जागा दर वेळी थोडी बदलायची. “झोपेत माणूस हलतोच की,” असं त्याचं म्हणणं.

काय काय माणसं बसली आमच्या होडीत! एक उंच परदेशी पंडित दोरी घेऊन आला होता. त्यानं आख्खा किनारा मोजला आणि गाण्यातल्या वर्णनापेक्षा वाळू तीस पावलं कमी भरते म्हणून दोन दिवस उदास होता. एक म्हातारी बाई मांडीवर पुस्तक घेऊन आली. वाळू दिसली तसं तिनं पुस्तक मिटलं आणि डोळे पुसले. तिनं काहीच मोजलं नाही. तिसऱ्या एकाला खणताना खापराचा तुकडा सापडला. राजाच्या सुरईचा कान, असं त्यानं ठरवलं, आणि आनंदानं तो दिवसभर जेवला नाही. असिमिनानं तो तुकडा हातात घेऊन पाहिला. तिच्या सासूच्या तेलाच्या बुधल्याचा कान होता तो, कधीतरी होडीतून पडलेला. पण ती “उपाशी आहे बिचारा,” एवढंच म्हणाली, आणि त्याला वाडगाभर मसुराचं सूप पाठवून दिलं.

आमच्या गावात असंच आहे. ज्यानं दुसऱ्याचा आनंद मोडेल ते कुणी बोलत नाही. चांगली गोष्ट आहे. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं.

कौतुकाचे दिवस होते ते. तेव्हा गावात चौदा होड्या होत्या, चौदा वल्हवणारे. संत इलियाच्या दिवशी चौदाही जण आपापलं वल्हं खांद्यावर घेऊन डोंगरावरच्या छोट्या चर्चपर्यंत रांगेनं चढायचे. ही आमची जुनी रीत. हा संत मूळचा खलाशी. समुद्राला कंटाळला, वल्हं खांद्यावर टाकलं आणि डोंगराकडे चालू लागला. भेटेल त्याला विचारायचा, हे काय आहे? जिथे लोक म्हणाले, काठी आहे, तिथे तो राहिला. म्हणून त्याची चर्चं डोंगरमाथ्यावर असतात. गाण्यातल्या राजालाही म्हातारपणी असंच वल्हं घेऊन चालायला सांगितलेलं होतं. जिथे लोकांना ते धान्य उफणायचं फावडं वाटेल, तिथे ते रोवायचं, म्हणजे समुद्राचा राग शांत होतो आणि माणूस सुखानं म्हातारा होतो. राजाची गोष्ट आधीची की संताची, हे मला विचारू नका. आमच्याकडे एकाच वल्ह्यावर दोघांचं भागतं.

चढताना अर्ध्या वाटेवर एक जुनं खळं लागतं. तिथे वरच्या वाडीची एखादी बाई वाट अडवून उभी राहते आणि प्रत्येकाला विचारते, “खांद्यावर हे फावडं कसलं?” ज्यानं “वल्हं आहे” म्हटलं त्याला वाईनचा पेला मिळतो, आणि सण आटोपला की तो वल्हं घेऊन परत खाली उतरतो. ज्याचे हात थकले तो म्हणतो, “फावडंच आहे.” मग कुणी काही विचारत नाही. त्याचं वल्हं वरच चर्चच्या भिंतीशी राहतं. अपमान नाही, निरोप नाही. रीत आहे.

एकेक करून तेरा वल्ही भिंतीशी गेली. शेवटी रांगेत आम्ही एकटेच उरलो, पानागी आणि मी.

एका माणसाबद्दल सांगायचं राहिलं. फोकास. समोरच्या केफालोनिया बेटाचा. आमच्या डोंगरावरून हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं, इतकं ते बेट जवळ. त्याचं म्हणणं, राजा त्यांच्याकडचा. त्याच्या होडीला इंजिन आहे आणि तोही पाहुण्यांना त्याच्याकडच्या एका किनाऱ्यावर नेऊन राजाचं डोकं आणि पाय दाखवतो. संत इलियाच्या सणाला तो दर वर्षी सामुद्रधुनी ओलांडून आमच्याकडे जेवायला यायचा आणि भांडायचा.

“गाण्यातलं बेट मावळतीच्या टोकाला आहे,” फोकास म्हणायचा. “तूच सांग पानागी, सूर्य तुझ्या बेटावर मावळतो की माझ्या?”

“तुझ्यावर मावळतो, म्हणूनच तुला उशिरा उजाडतं,” पानागी म्हणायचा.

“तुमच्याकडे राजाला चार मेंढ्या चारायला जागा आहे का? सगळे दगड!”

“म्हणून तर वीस वर्षं बाहेर राहिला. तुमच्याकडचा असता तर परतच आला नसता.”

चाळीस वर्षं हेच. भांडण संपलं की दोघं एकाच ताटलीत पाव बुडवायचे.

सणाच्या दुपारी चर्चच्या अंगणात आणखी एक कार्यक्रम असायचा. घंटेपाशी एक दगडी पायांचा, लाकडी फळीचा बाक होता. पानागी त्यावर बसायचा, मग उठायचा, आणि मला आडवं धरून एकेक जागा दाखवायचा. “त्या तिकडे, पाठीमागे, मावळतीला लांब, एकडोळ्याची गुहा. तिच्या वर वाऱ्यांच्या राजाची बेटं. त्यांच्या मधे ती अरुंद खिंड, जिथे पाणी गरगर फिरतं. मी जहाजावरून पाहिलं आहे, आमच्या असिमिनानं सूप ढवळावं तसं दिसतं.” असिमिना खालून ओरडायची, “सूप गिळताना नाही बोललास!” लोक हसायचे. मी उत्तरेला वळायचो, तिथे राजाला आणून सोडणाऱ्यांचं जहाज दगड होऊन उभं आहे. दक्षिणेला वळायचो, तिथे ते गोड फळ, जे खाल्लं की घर विसरतं. सगळ्यात शेवटी पानागी बाकासमोर सरळ उगवतीला, खाली आमच्या वाळूकडे मला रोखायचा. “आणि हे राजाचं घर.” मग टाळ्या, आणि फोकासच्या शिव्या.

पानागी म्हणायचा, “ज्यानं हे गाणं रचलं तो म्हणे आंधळा होता. पण बघा, एक दगडही इकडचा तिकडे नाही.”

मित्रांनो, आता मला जड जातं ते सांगतो.

वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो. कुठे चाललो ते त्याला दिसत नाही, कुठून निघालो ते दिसतं. म्हणून तो मागच्या दोन खुणा एका रेषेत ठेवतो आणि ओढत राहतो. पानागीच्या खुणा ठरलेल्या होत्या. टोक ओलांडलं की समोर गावाच्या चर्चची घंटा आणि तिच्या मागे त्याच्या घराचं धुराडं. घंटेच्या डोक्यावर धुराडं बसलं की होडी अचूक झोपेच्या वाळूवर लागायची. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यानं सकाळी होडीत बसून मला उचलायला हात पुढे केला आणि तो हात माझ्या शेजारच्या हवेत बंद झाला. दुसऱ्यांदा चाचपून त्यानं मला धरलं. मी लाकूड आहे, पण हाताची भाषा मला कळते. त्या दिवशी त्याच्या मुठीत घाम होता.

त्याच उन्हाळ्यात आम्ही चार पाहुण्यांना घेऊन निघालो आणि झोपेच्या वाळूच्या अलीकडच्या खाडीत लागलो. तिला शेळ्यांची खाडी म्हणतात. तिथे वाळू नाही, गोटे आहेत आणि शेळ्यांच्या लेंड्या. पानागी उतरला आणि पूर्ण गोष्ट सांगितली. “इथे त्याचं डोकं होतं, इथे पाय. तो उठला, चारी बाजूंना पाहिलं, आणि त्याला आपलंच बेट ओळखू आलं नाही.” माझं पातं गोट्यांवर घासत होतं, रेघ उमटत नव्हती. एक शेळी येऊन सगळं ऐकत उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं राजाची आठवण म्हणून एक गोटा रुमालात बांधून घेतला.

परत येताना असिमिना धक्क्यावर उभी होती. होडी वाळूकडून नाही, शेळ्यांच्या खाडीकडून येते आहे, हे तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या गच्चीवर, धुराड्याखाली, एक मोठी पांढरी चादर वाळत होती. तिसऱ्या दिवशीही तीच. गाण्यातली राणी राजाची वाट बघत एकच कापड विणायची आणि उसवायची. आमची असिमिना दोन उन्हाळे एकच चादर रोज धुवून वाळत घालत होती. शेजारणी म्हणायच्या, “असिमिना, एवढी कुठे मळते गं ती?” ती म्हणायची, “कावळे!” शेजारणींना कळलं होतं. त्यांनीही मग आपल्या गच्चीवर पांढरं काही वाळत घालणं बंद केलं, नाहीतर त्याला चुकीची चादर दिसली असती.

धक्क्याच्या कडेला कुणीतरी चुन्याचा जाड पट्टा ओढला. दुकानाची पायरी फोडून उतार केला. सगळं गाव त्याच्यासाठी जग थोडं थोडं सरकवत होतं, आणि त्याला वाटत होतं की कुणाला काही कळलेलं नाही.

फोकासनं तर कमाल केली. तो रोज सकाळी आपली इंजिनाची होडी घेऊन आमच्या धक्क्याबाहेर यायला लागला. आम्ही निघालो की आमच्या पुढे हळूहळू चालायचा आणि सबंध वाट पानागीला टोमणे मारायचा.

“अरे कासवा! राजा वीस वर्षांत आला, तू त्याच्याही नंतर पोचशील!”

“तुला काही कामधंदा नाही का रे?”

“आहे ना! खरं बेट कोणतं ते तुझ्या पाहुण्यांना सांगायचं! इकडे, इकडे, उजव्या कानाला ये, खडक तुझ्या बापाचा आहे का?”

पाहुणे हसायचे. पानागी चिडून त्या आवाजाच्या दिशेनं वल्हवायचा आणि बरोबर वाळूवर लागायचा. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोठी फेरीबोट अचानक टोकामागून आली. पानागीला दिसली नाही. फोकासनं आपली होडी मधे घातली आणि असल्या असल्या शिव्या दिल्या की पानागी त्याला मारायला म्हणून डावीकडे वळला, आणि वाचला. होडीत सहा माणसं होती.  तेव्हा मला कळलं, मामला किती गंभीर आहे. कारण त्या संध्याकाळी फोकास राजाबद्दल एक शब्दही बोलला नाही.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा असायचो, म्हणून मला फोनही ऐकू यायचा. पानागीची मुलगी एवांथिया ही पात्रा शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. एकदा असिमिना तिला म्हणाली, “आमच्या शेजाऱ्याला गं, कडेचं दिसत नाही. मधलंच दिसतं, नळीतून बघावं तसं.”

 मग एवांथिया म्हणाली, “आई, त्या शेजाऱ्याला सांग, डोळ्यांत दाब वाढला असेल. गेलेलं परत येत नाही. पण रोज थेंब घातले तर उरलेलं थांबवता येतं. जेवढे महिने तो घालवेल तेवढं जाईल. शेजाऱ्याला घेऊन ये गं.”

“तो ऐकणारा नाही,” असिमिना म्हणाली. “हट्टी आहे शेजारी.”

“मी सांगू का त्याला?”

“नको! तो मरेल.”

मग त्या दोघी, एक इथे आणि एक तिथे, हळूच रडल्या. शेजाऱ्यासाठी.

का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे समजूत आहे, वाईट गोष्ट तोंडातून काढली की ती घरात येऊन बसते. चुकून निघालीच तर तीनदा थुंकतात. पण खरं कारण ते नव्हतं. पानागीचं सगळं आयुष्य दाखवण्यात गेलं होतं. ज्याला दाखवता येतं तो पानागी. त्याला ‘तुला दिसत नाही’ असं सांगणं म्हणजे तू पानागी नाहीस, असं सांगणं. ते कोण करणार? सगळ्यांचा त्याच्यावर जीव. आणि जितका जीव जास्त, तितकं तोंड बंद.

मित्रांनो, मी आता चर्चच्या बारा पावलं लांबीच्या भिंतीशी उभा राहून तुमच्याशी बोलतो आहे. तेरा जुनी वल्ही माझ्या शेजारी आहेत. इथे पाऊस लागतो, ऊन लागतं, वर्षातून एक दिवस माणसं येतात. माझ्या पात्याला एक भेग गेली आहे आणि तिच्यात मुंग्या राहतात. माझी तक्रार नाही. फक्त इतकंच मागणं आहे, की कधी वर आलात तर आम्हाला जवसाच्या तेलाचा एक हात द्या. लाकूड सुकत चाललं आहे हे ज्याला दिसतं त्यानं ते वेळेवर बोलावं. माणसाचंही तसंच आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून एका माणसाची दोन वर्षं मायेनं घालवली. चादर धुतली, चुना लावला, शिव्या दिल्या, पण एक वाक्य बोललो नाही. मला तर तोंडच नाही, माझं सोडा. आता थेंब चालू आहेत. जेवढं उरलं होतं तेवढं उरलं आहे. असिमिनाचं नाक आणि एक भुवई दिसते, असं तो म्हणतो. दुसऱ्या भुवईसाठी मान वळवावी लागते. तीन वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं तर आख्खा चेहरा दिसला असता.

मी इथे भिंतीशी आहे, म्हणजे शेवट काय झाला ते तुम्हाला कळलंच. पण ते वाक्य कुणी उच्चारलं, ते कळलं नसेल. तेवढं सांगतो.

गेल्या वर्षीचा सण. असिमिनानं तेल लावलं, ते सुरुवातीला सांगितलंच. मग ती टोपली घेऊन पुढे चालू लागली आणि पानागी मला खांद्यावर टाकून तिच्या पावलांच्या आवाजामागे. ती मुद्दाम खडे लाथाडत चालत होती. “आज एवढी का आपटतेस?” तो म्हणाला. “चपला नव्या आहेत,” ती म्हणाली. जुन्याच होत्या.

खळ्यापाशी कालोमिरा उभी होती. वरच्या वाडीची, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. गेली दहा वर्षं प्रश्न तीच विचारते. मागे सगळं गाव, त्यात फोकास. कालोमिरानं पेला मागे लपवला आणि नेहमीसारखं ओरडून नाही, अगदी हळू विचारलं, “पानागी काका, खांद्यावर हे फावडं कसलं?”

आणि थांबली. सगळे थांबले.  फावडं म्हण, फावडं म्हण, असं मीच मनात म्हणालो. मला वर राहायचं नव्हतं, पण फेरीबोट मी पाहिली होती.

“वल्हं आहे!” पानागी गरजला. “डोळे फुटले का तुझे, कालोमिरा?”

तो दर वर्षी हेच म्हणायचा आणि दर वर्षी लोक हसायचे. त्या वर्षी कुणी हसलं नाही. कालोमिरानं पेला पुढे केला. त्याचा हात पेल्याच्या बाजूनं गेला. तिनं पटकन पेला त्याच्या हाताखाली सरकवला आणि तोंड फिरवलं.

वर पोचलो. पाद्रीबाबांनी प्रार्थना लांबवली, बाहेर आलो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता. कुठल्याच गालावर ऊन नाही, म्हणजे दिशा सांगणारं काही नाही. अंगणात बायकांनी बोकडाच्या रश्श्याची मोठी कढई घंटेपाशी मांडली होती. त्या कढईला जागा हवी म्हणून त्यांनी बाक उचलून पलीकडच्या भिंतीला लावला होता, मावळतीकडे तोंड करून. बाकाचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या सगळ्यांचं लक्ष भलत्याच गोष्टींवर होतं.

पानागी चाचपत बाकापाशी गेला, बसला, फळीवरून हात फिरवला. ओळखीची फळी. मग उठला आणि मला उचललं.

“त्या तिकडे, पाठीमागे, मावळतीला लांब,” तो म्हणाला, “एकडोळ्याची गुहा.” मी उगवतीकडे रोखला गेलो होतो. तिकडे अकार्नानियाचे डोंगर होते. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तो वाऱ्यांच्या बेटांवर आला, पाणी गरगर फिरणाऱ्या खिंडीवर आला. “आमच्या असिमिनानं सूप ढवळावं तसं!” तो म्हणाला आणि थांबला. असिमिनाच्या ओरडण्यासाठी त्यानं जागा सोडली होती. ती तोंडावर हात धरून उभी होती. मग कशीबशी म्हणाली, “सूप गिळताना नाही बोललास.” तो खूष झाला.

दगडाचं जहाज दक्षिणेला गेलं. घर विसरायला लावणारं फळ उत्तरेला. पाद्रीबाबा धुपाटण्याची साखळी सोडवत बसले, ती अडकलेली नव्हती.

शेवटी त्यानं बाकासमोर सरळ मला रोखलं. माझं पातं समोरच्या बेटावर, फोकासच्या गावातल्या पांढऱ्या घरांवर स्थिर झालं. पानागीचा हात मात्र अजिबात हलत नव्हता.

“आणि हे,” तो म्हणाला, “हे राजाचं घर.”

टाळ्या नाहीत. सगळे फोकासकडे बघत होते. चाळीस वर्षं तो याच वाक्याची वाट बघत होता. शंभर माणसांसमोर, पानागीच्या तोंडून, वल्ह्याच्या टोकानं दाखवून. आता त्यानं फक्त “हो” म्हणायचं होतं.

फोकासनं हातातली ताटली खाली ठेवली. हळूहळू चालत आला आणि माझं पातं हातात धरलं. एका टोकाला त्याचा हात, दुसऱ्या टोकाला पानागीचा.

“पानागी,” तो म्हणाला, “हे माझं घर आहे.”

पानागी हसला. “हरत आलास म्हणून आता चोरायला लागलास?”

“तुझं पाठीमागे आहे. बाक फिरवलाय बायकांनी.” फोकास म्हणाला. “चाळीस वर्षं वाट बघितली रे मी, तू असं म्हणशील म्हणून. पण असं नको मला.”

माझ्यातून थरथर गेली. ती कुठल्या टोकाकडून आली, ते मला आजही सांगता येत नाही.

“तुला दिसत नाहीये, पानागी.”